तीन तासांवरचं माहेर

आमच्या न्हाणीघरात जगाचा नकाशा होता. आधीच्या भाडेकरूनं जाताना तसाच सोडलेला शॉवरचा प्लास्टिकचा पडदा होता तो. निळा समुद्र, हिरवे-पिवळे देश, आणि दक्षिण अमेरिकेच्या शेपटीला कायमची धरलेली बुरशी. बाबा सकाळी आंघोळीला गेले की आधी पाण्याचा आवाज यायचा, मग तो थांबायचा, आणि मला कळायचं, आता ते बोटांनी मोजतायत. बँकॉक ते मुंबई चार बोटं. स्टुटगार्ट ते मुंबई एक वीत आणि वर अंगठा. टॉवेलनं कान पुसत बाहेर आले की ते आईला सांगायचे, "काही लांब नाही गं. चार बोटं. पडदा जरा सरकवला की दोन्ही गावं एकमेकांना चिकटतात." आई कणीक मळत असायची. मान वर न करता म्हणायची, "मग पडद्यावरूनच आणा तिला."

तिला म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मंजूताईला. ती बँकॉकला होती. भाऊजी तिथल्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते, आणि ताईला दिवस गेले होते. पहिलंच. आणि आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, जर्मनीत स्टुटगार्टला, एका उभ्या चढाच्या गल्लीत, बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांमध्ये. पहाट व्हायच्या आधीच खालचं पीठ मळायचं यंत्र सुरू व्हायचं आणि आमची जमीन बारीक थरथरायची. मग भाजल्या पावाचा वास जिन्यानं वर यायचा, आईच्या फोडणीला भेटायचा, आणि दिवसभर ते दोन वास एकमेकांशी न बोलता घरात राहायचे. बाबा गावातल्या एका भारतीय हॉटेलात स्वयंपाकी होते. मूळचे चिपळूणचे, पण इथे जन्म गेला बटर चिकन आणि नान करण्यात. घरी आले की त्यांना कुळथाचं पिठलं लागायचं. दुपारचं जेवणाचं गिऱ्हाईक संपलं की ते दोन तास घरी यायचे, पाय वर करून पडायचे आणि संध्याकाळी परत जायचे. आमचं घर चालायचं ते त्या दोन तासांत. भांडणं, ताईचा फोन, पत्रं उघडणं, सगळं तेव्हाच.

मी तोपर्यंत शाळा सोडली होती. सोडली काय, सुटलीच ती हातातून. पंधराव्या वर्षी इथे आले, भाषा शिकणाऱ्या मुलांच्या वर्गात बसले, आणि वयाची अट संपली त्या दिवशी बाहेर पडले ती कुठलंही सर्टिफिकेट न घेता. सकाळी खाली बेकरीत मालकीणबाई फ्राऊ केलरच्या हाताखाली, संध्याकाळी बाबांच्या हॉटेलात भांड्यांवर. फ्राऊ केलरनं मला कामाला घेतलं तेव्हा मला धड वाक्य जोडता येत नव्हतं. "हात चालतात ना? गेनाऊ. तोंड मागून येईल," एवढंच ती म्हणाली होती; गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. तिच्याबद्दल लिहायला घेतलं तर हे प्रकरण बाजूलाच राहील. आज माझं जे काही आहे ते त्या बाईच्या पिठाच्या टेबलावर उभं राहिलेलं आहे, इतकंच म्हणते आणि पुढे जाते.

तर ताई. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात आईनं जायचं, ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. ह्यात विचारायचं काही नसतंच. पण ताईचं लग्न झालं आणि मागोमाग बाबांनी आम्हा दोघींना इकडे आणलं. चिपळूणची भाड्याची जागा सोडली, भांडी मावशीकडे डोंबिवलीला गेली. माहेर म्हणून बोट दाखवायला तिकडे काही उरलंच नव्हतं. आणि इकडे, बेकरीच्या वर, व्हिसाच्या कटकटीतून तिला कोण आणणार? आई सरळ म्हणाली, "मीच जाते बँकॉकला." तिथे बाबांचा नियम आडवा आला. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. बाबांचे वडील आत्याला भेटायला चालत गुहागरला जायचे, आणि वेशीबाहेर झाडाखाली बसून स्वतःच्या फडक्यातली भाकरी खायचे, स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे, मग आत्याच्या अंगणात शिरायचे. ही गोष्ट बाबा इतक्या अभिमानानं सांगायचे की लहानपणी मला वाटायचं, आजोबा लढाईवरच गेले होते.

आता मला कळतं, परक्या देशात दुसऱ्याच्या कृपेवर राहणाऱ्या माणसाला स्वतःचा असा एक तरी कडक नियम लागतो. तेव्हा मात्र मला नुसता संताप यायचा. मूल होईपर्यंत तिथे खायचं नाही आणि मूल होताना तिथे असायचं, हे जमवायचं कसं? बाबांनी तोड काढली: ताईनं मुंबईला यायचं, आईनं इकडून मुंबईला जायचं, डोंबिवलीला मावशीकडे बाळंतपण करायचं. मावशीचं घर म्हणजे माहेरच. आणि मग त्यांनी तो आकडा काढला, ज्याच्यावर आमचा सगळा उन्हाळा गेला. त्यांच्या हॉटेलातल्या पंजाबी पोरानं मोबाइलवर विमानाच्या वेळा काढून दिल्या होत्या. बँकॉकहून निघतं नऊला, मुंबईला पोचतं बाराला. "तीन तास!" बाबा सोफ्यावर बसून म्हणाले. "इथून रेल्वेनं बर्लिनला जायला ह्याच्या दुप्पट लागतात."

तीन तास. त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. मावशीला फोनवर, हॉटेलच्या मालकाला, जिन्यात फ्राऊ केलरला तीन बोटं वर करून. मुंबईहून बँकॉकला जाताना विमान सहा तास घेतं हेही त्यांनी वेळा बघून हेरलं होतं आणि त्याचं कारणही काढलं होतं. "जाताना वारा समोरून. येताना पाठीवर. होडीचं असतं तसं." कोकणातल्या माणसानं वाऱ्याबद्दल सांगितलं की आम्ही कोण बोलणार?

ताईच्या पायांना सूज होती, रक्तदाबही जरा वर. तिच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, चार तासांपर्यंतचा प्रवास असेल तर ह्या महिन्यात जा, त्याहून जास्त एका जागी बसायचं नाही. हे तिनं कळवलं तेव्हा बाबांनी मांडीवर थाप मारली. "चार म्हणतेय ना? आपले तीनच आहेत. वर एक तास शिल्लक." आईनं त्याच दुपारी डिंक तळायला घेतला. हातातली पळी खाली न ठेवता ती मला म्हणाली, "वैशू, माझी आई नसती ना, तर मंजूच्या वेळी मी राहिले नसते." आजवर तिनं मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी काय झालं होतं विचारलं, तर म्हणाली, "व्हायचं ते होतच होतं. तिनं ओळखलं आणि आरडाओरडा केला. नर्स गप्पा मारत होत्या." आणि परत डिंक हलवू लागली.

तिकिटाचं नक्की करायला म्हणून ताईचा व्हिडिओ कॉल लावला. आमची दुपार, तिची रात्रीची जेवणं आटोपलेली. बाबांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

"मंजू, डॉक्टरीणबाईंकडून चिठ्ठी घेऊन ठेव. तीन तासांचा प्रवास आहे म्हणावं."

"कुठला तीन तासांचा, बाबा?"

"अगं तुझा. नऊला निघतं, बाराला पोचतं."

ताई आधी हसली. मग तिचा चेहरा जरा पडद्याजवळ आला. "बाबा, नऊ इथले. बारा तिथले. इथे नऊ वाजतात तेव्हा मुंबईत साडेसातच असतात. साडेचार तास लागतात."

"असं कसं? दोन्ही तिकडेच तर आहेत."

"तिकडे म्हणजे कुठे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं. आमच्या घरापुरती जगात दोनच घड्याळं होती, इकडचं आणि तिकडचं. आपण उठतो तेव्हा तिकडे दुपार झालेली असते. मावशीकडेही, ताईकडेही, सगळ्या ओळखीच्या, भात खाणाऱ्या माणसांकडे. त्या तिकडच्यातसुद्धा दीड तासाची भिंत असेल हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. ताईला फोन करताना आम्ही वेळ बघायचोही नाही. बाबांचे दोन तास म्हणजे वेळ, उचलेल तेव्हा उचलेल.

"आणि मग जाताना सहा का लागतात?" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"जातानाही साडेचारच लागतात. वारा नाही, बाबा. घड्याळ आहे ते."

"बरं, मग अर्ध्या तासाचाच तर प्रश्न. सांग त्यांना, चारला थोडं वर."

"ती काय भाजीवाली आहे का?" ताई चिडली. "आधीच पाय बघा माझे!" तिनं फोन खाली नेला. सुजलेली पावलं, चपलेच्या पट्ट्याचा वळ. आईनं हात पुसून फोन उचलला, स्वतःच्या तोंडाजवळ धरला आणि म्हणाली, "तू कुठे जाऊ नकोस. मी येते." आणि फोन ठेवून दिला.

परवा मी माझ्या मुलीला सहज विचारलं, बँकॉकहून मुंबईला विमानाला किती वेळ लागतो गं? ती दुसरीत आहे. तिनं माझ्या फोनला विचारलं, दोन सेकंदांत जर्मनमध्ये उत्तर दिलं, साडेचार तास, आणि परत चित्र रंगवायला लागली. मी तशीच उभी राहिले. आमच्याकडे ह्या उत्तरापायी तीन माणसं कितीतरी दिवस एकमेकांशी धड बोलली नव्हती.

कारण आई येते म्हणाली खरी, पण बाबा हलेनात. "खाशील काय तिथे?" आईकडे उत्तर तयार होतं. "शिधा नेईन. माझा तांदूळ, माझं पीठ, माझी डाळ. मामंजी नेत नव्हते का भाकरी? ते चालत गेले, मी विमानानं." बाबा म्हणाले, "आणि पाणी? तिथल्या नळाचंच ना?" "बाटली विकत घेईन." "गॅस? तिच्याच शेगडीवर शिजवशील ना?" आईनं हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं. "अहो, मग काय मी तिच्या गॅलरीत चूल मांडू?" मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी काही बोलायला गेले तर बाबा म्हणाले, "तू लहान आहेस," आणि आई म्हणाली, "तू मध्ये पडू नकोस." त्या एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत.

वर कागदांचं होतंच. आईचं इथे राहण्याचं कार्ड संपलं होतं, नवं छापून यायचं होतं. हातात कार्ड नसताना देश सोडला तर परत येताना अडवतील, असं सगळेच सांगत. मी रोज बेकरीतली पाळी संपली की परदेशी लोकांच्या कचेरीला फोन लावायची. भेटीची वेळ घेतल्याशिवाय तिथे आत घेत नाहीत. टेर्मिन, टेर्मिन, त्या एका शब्दावर ह्या देशाचं दार उघडतं. वाजणारं संगीत ऐकत मी जिन्याच्या पायरीवर बसायची, आणि कोणी उचललंच तर घाईघाईनं म्हणायची, द्रिंगेंड आहे, फार द्रिंगेंड आहे, म्हणजे तातडीचं. आई वरच्या पायरीवर शेंगा सोलत बसलेली असायची. तिला ह्यातलं काही कळत नसणार असं मी धरून चालले होते. शेवटी तीन आठवड्यांनी टेर्मिन मिळाली.

बाबांनी ताईच्या लग्नातला ब्लेझर घातला. कचेरीत शिरताना ते नेहमी थोडे वाकून चालायचे. त्यांचं काम त्या एकाच हॉटेलाला बांधलेलं, आमचं राहणं त्यांच्या कामाला बांधलेलं. एक गाठ सुटली तर सगळं सुटेल ही भीती त्यांच्या पाठीच्या कण्यात बसली होती. ती माझ्यातही उतरली आहे. आजही कचेरीचा राखाडी लिफाफा टपालपेटीत दिसला की मी हातातली पिशवी तिथेच खाली ठेवते. फोडून बघते तर कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक. टेबलामागची बाई दमलेली होती पण वाईट नव्हती. तिनं पासपोर्ट चाळला, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, कार्ड यायला वेळ लागेल, पण खरंच तातडीचं असेल तर आत्ताच तात्पुरता कागद करून देता येतो, त्यावर जाऊन परत येता येतं. मग तिनं आईकडे बघून विचारलं, हे तातडीचं आहे का?

मी मराठीत सांगितलं. बाबा माझ्या कानाशी वाकले. "नाही म्हण. तसं काही नाही म्हण. तिची सासू जाणार आहे चिंचवडहून, नवव्यात. कार्ड आलं की बघू. उगाच ह्यांना घाई लावू नये, वैशू. लक्षात राहतं त्यांच्या."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. बाबांनी आम्हाला इथे आणलं होतं. त्यांच्या शब्दापुढे कचेरीत दुसरा शब्द ठेवायची माझी हिंमत नव्हती. तेवढ्यात आई खुर्चीतून पुढे सरकली. पदर सावरून, दोन्ही हात टेबलावर ठेवून, त्या बाईच्या डोळ्यांत बघून ती म्हणाली, "द्रिंगेंड." बाईनं मान वर केली. आई पुन्हा म्हणाली, "या. द्रिंगेंड. माइनं..." म्हणजे हो, तातडीचं, माझी, आणि पुढे शब्द नव्हता, तर तिनं हातानं आधी पोटाचा गोल दाखवला आणि मग बाळ मांडीवर घेतात तसे हात केले. बाई हसली नाही. तिनं कागद छापायच्या यंत्राकडे खुर्ची वळवली. बँकॉकच्या डॉक्टरांचं पत्र तेवढं घेऊन या, म्हणाली, मग सही करते.

परत येताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. आई त्यांच्या समोरच बसली होती. मी तिला विचारलं, "कुठे शिकलीस गं?" "रोज तूच तर ओरडत होतीस जिन्यात," ती म्हणाली.

पत्र आलं, सही झाली. तिकीट पुढच्या मंगळवारचं. आईनं बॅग भरली: तांदूळ, तूरडाळ, तुर्की दुकानातली कणीक, मीठसुद्धा. डिंकाचे लाडू वेगळ्या डब्यात, ते ताईसाठी. बाबा बॅगेकडे न बघता येजा करत होते, पण रविवारी हॉटेलातून येताना त्यांनी तव्यासारखी एक हलकी कढई आणली आणि बॅगेवर ठेवली. मला वाटलं, सुटला एकदाचा गुंता.

सोमवारी सकाळी मी खाली पाव मांडत होते, तेव्हा आईनं जिन्यातून हाक मारली. तशी हाक तिनं कधीच मारली नव्हती. मी पिठाच्या हातांनी वर धावले. फोनवर भाऊजी होते. पहाटे ताईचा रक्तदाब अचानक चढला, थांबायला वेळ नव्हता, ऑपरेशन केलं. मुलगा. लहान आहे, काचेच्या पेटीत ठेवलाय, पण रडला. मंजू ठीक आहे. आता ठीक आहे, असं ते दोनदा म्हणाले. "तिच्याजवळ कोण होतं?" आईनं विचारलं. "मी होतो. पण आत नाही सोडलं. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्यांना मराठी नाही येत, पण त्या हात धरून होत्या." पाठीमागून कुठल्यातरी यंत्राचा टिकटिक आवाज येत होता. आई म्हणाली, "बरं. काळजी घ्या." आणि बॅगेशेजारी पलंगावर बसली.

बाबांना हॉटेलात कळवलं. ते दुपारची वेळ व्हायच्या आधीच आले, धापा टाकत, ॲप्रनसकट. देवापुढे साखर ठेवली. नातू झाला म्हणून त्यांचे डोळे भरून आले होते, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आईच्या समोर खुर्ची ओढून बसले. आणि मग, मला खात्री आहे, तिला बरं वाटावं म्हणूनच ते म्हणाले, "एका परीनं चांगलंच झालं बघ. आता कसली अडचण नाही. आता तुला तिकडे मोकळेपणी जेवता येईल."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"मी जेवायला निघाले नव्हते हो."

बाबांनी ॲप्रनची गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटेना, तशीच ठेवून ते स्वयंपाकघरात गेले. मंगळवारी आई गेली. जाताना बॅगेतला सगळा शिधा तिनं काढून ओट्यावर ठेवला आणि त्या जागी लंगोट, दुपटी भरली. ती तीन महिने राहिली. बाबा आणि मी तो तांदूळ खाल्ला.

खूप वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी झिंडेलफिंगेनला राहायला आले. आई-बाबांकडून एस-बाननं इथे येणं म्हणजे काहीच नाही. आठव्या दिवशी दारात बाबा उभे. म्हणाले, इकडे कामाला आलो होतो; कसलं काम, रविवार होता. मी घाबरत घाबरत पाणी पुढे केलं. त्यांनी ग्लास घेतला, प्यायले, आणि म्हणाले, "भूक लागलीय गं." दोनदा भात घेतला. मला इतका आनंद झाला की ते जायच्या आत मी ताईला फोन लावला. ती तेव्हा पुण्याला परतली होती, मुलगा शाळेत जायला लागला होता. मला वाटलं ती हसेल, म्हणेल, चला, सुधारले एकदाचे.

"काय केलं होतंस?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. साधं वरण-भात."

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "माझ्याकडेही वरण-भातच होता."